थंडीवरचा आरोप

मुंबईहून बदली होऊन दिल्लीस आलेल्या मराठी गृहस्थाला पहिल्याच जानेवारीत एक नवा अनुभव येतो. पहाटेची वेळ, बाहेर दाट धुके, नवी दिल्ली स्थानकावर आगगाडी गाठावयाची. आणि दाराशी उभी असलेली दहा-बारा वर्षांची मोटार चालू होण्याचे नाव घेत नाही. मुंबईत तिने असा रुसवा कधी धरलेला नसतो. 'थंडीमुळे होते असे,' शेजारी सांगतात. गृहस्थ हा निवाडा मान्य करतो, पुन्हा पुन्हा चावी फिरवतो आणि बॅटरीतील उरलीसुरली शक्तीही घालवून बसतो.

हा आरोप अर्धाच खरा आहे. सफदरजंगला 16 जानेवारी 1935 रोजी पारा शून्याखाली 0.6 अंशापर्यंत उतरला होता; पण एरवी दिल्लीतील कडाका शून्याच्या वरच असतो. निरोगी मोटारीला तेवढी थंडी जड जात नाही. थंडी बहुधा दोष निर्माण करीत नाही. लपलेला दोष उघडकीस आणते.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. नेमके त्याच वेळी वंगण घट्ट होते आणि इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा, तशी ही स्थिती. गाठीशी शिल्लक असेल तोच तरतो. जुन्या बॅटरीची शिल्लक मात्र मे-जूनच्या उष्म्याने आधीच खाल्लेली असते. त्या झळांत तिच्या आतील पट्ट्या झिजतात. उन्हाळ्यातला घाव हिवाळ्यात दुखू लागतो, तो असा.

म्हणून निदानाला कानांपासून आरंभ करावा. नुसता 'टक्' असा आवाज आला, किंवा इंजिन कण्हत फिरले, तर प्रथम बॅटरीची टोके पाहावीत. ती सैल असतात, किंवा त्यांवर पांढरट-हिरवट क्षार साचलेला असतो. मग व्होल्टमापक लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; 12.2 म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देऊ नये. आता नाकाची साक्ष घ्यावी. पेट्रोलचा उग्र वास आला, तर प्लग भिजले आहेत किंवा ठिणगी दुबळी आहे. थोडा वेळ थांबणे शहाणपणाचे. वास मुळीच नसेल, तर पंप वा गाळणी तपासावी. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ॲम्बॅसिडर किंवा कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीत चोकची खुंटी ओढीत. नंतरच्या मोटारींत इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर ते माप ठरवितो; तो चुकला की मापही चुकते.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. चावी एका वेळी दहा सेकंदांहून अधिक धरू नये; आणि इंजिन चालू झाल्यावर बंद गॅरेजमध्ये मोटार तापवीत बसू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही.

त्या गृहस्थाने दिवाळीतच बॅटरी तपासून घेतली असती, तर आगगाडी चुकली नसती. आणि बिचाऱ्या थंडीवर आरोपही आला नसता.