गाणं तिचं, कॅमेरा कोणाचा?

(लोककलावंत स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

लावणी गाणाऱ्या बायकांच्या छोट्या बैठका चित्रित करून ठेवायच्या असं आपल्या गटाने ठरवलं आहे. त्या निमित्ताने मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली दहा वर्षं कला केंद्रांतल्या बायका आणि त्यांच्या मुली यांच्याबरोबर काम करते आहे. कॅमेऱ्याची मी तज्ज्ञ नाही. त्यामुळे मी बोलणार आहे ते कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्या बाईच्या बाजूने.

आपल्यातल्या काहीजणी पहिल्यांदाच या कामात येत आहेत, म्हणून थोडी ओळख करून देते. तमाशाचे दोन प्रकार आपण ऐकतो. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असं सगळं असतं. संगीत बारी वेगळी. तिथे बायकांचं गाणं आणि नाच हाच कार्यक्रम. चौफुला, मोडनिंब अशा ठिकाणच्या कला केंद्रांत अनेक पार्ट्या राहतात आणि आळीपाळीने, म्हणजे आपापल्या बारीला, गातात. पार्टीची मालकीण बहुधा बाईच असते. कोल्हाटी, डोंबारी यांसारख्या भटक्या समाजांतल्या या बायका. त्यांच्या कमाईवर भावाचं, भाच्यांचं घर चालतं आणि समाज मात्र त्यांनाच नावं ठेवतो. रंगमंचावरची बारी संपली की खोलीतली बैठक असते. समोर पाच-दहा माणसं, पेटी, तबला, ढोलकी, आणि गाणारी बाई बसून अदाकारी करते.

या बैठकीचं मर्म समजून घेतल्याशिवाय चित्रीकरणाचा प्रश्न समजत नाही. बैठकीच्या लावणीत बाई एकच ओळ आठ-दहा वेळा घेते. पहिल्यांदा ती रुसवा असते, मग चेष्टा, मग विनवणी, मग टोमणा. शब्द तेच, पण डोळा, भुवई, मान आणि हाताची बोटं दर वेळी वेगळा अर्थ सांगतात. आणि हे सगळं समोर बसलेल्या कोणाला तरी उद्देशून असतं. तो कसा ऐकतो आहे हे पाहून ती पुढची जागा घेते. दाद बेताची मिळाली तर ती आवरतं घेते, ऐकणारा जाणकार असला तर खुलते. माणूस जास्त सैल बोलू लागला तर एका नजरेत त्याला जागेवर बसवते. म्हणजे त्या खोलीत ताबा तिचा असतो. पुरता नसेल, पण बराचसा.

अशा खोलीत कॅमेरा आला की काय होतं? ज्याला उद्देशून गायचं त्याच्या जागी भिंग येतं. भिंग दाद देत नाही आणि त्याला जागेवर बसवताही येत नाही. भिंगामागे किती माणसं आहेत, कोण आहेत, कोणत्या मनाने बघणार आहेत, हे तिला कळायला मार्ग नाही.

छोट्या जागेतलं गाणं जवळून टिपण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. पॅरिसमध्ये २००६ पासून 'टेक अवे शो' नावाने गायकांना रस्त्यात, जिन्यात, घरात गायला लावून चित्रण होऊ लागलं. अमेरिकेत नॅशनल पब्लिक रेडिओच्या कचेरीत २००८ साली 'टायनी डेस्क' सुरू झालं. गोंगाटाच्या एका बारमध्ये गायिकेचं गाणं धड ऐकूच आलं नाही, तेव्हा आमच्या टेबलापाशीच येऊन गा, अशा गमतीच्या बोलण्यातून ते निघालं. मोठं स्टेज नाही, झगमगाट नाही, फक्त माणूस आणि आवाज. कल्पना सुंदर आहे. आपल्याकडची तरुण मुलंही हीच पद्धत घेऊन कला केंद्रांत येतात आणि त्यांतली बरीचशी मनापासून येतात. पण टायनी डेस्कवर गाणारी कलावंत आपलं नाव व्हावं म्हणून तिथे जाते. बारीतल्या बाईचं नाव झालं तर तिच्या मुलीच्या वसतिगृहात काय होईल, हा प्रश्न तिथल्या गायिकेला पडत नाही. तंत्र तेच असलं तरी जोखीम सारखी नसते.

एक उदाहरण सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. पन्नाशीच्या एका गायिकेने दोन तरुणांना बैठक चित्रित करू दिली. मुलं अदबीने वागली, तिने आनंदाने होकार दिला आणि पाऊण तास गायली. काही महिन्यांनी त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरू लागला. एक ओळ, एक डोळा घातलेला, आणि वर अचकट विचकट मथळा. ज्या ओळीवरून ती पुढे टोमण्याकडे जाते आणि पुरुषाची फजिती करते, तो भाग कापलेला. तिची मुलगी नर्सिंगचं शिक्षण घेत होती. वर्गातल्या कोणीतरी तो तुकडा ओळखला. मुलगी पंधरा दिवस वर्गात गेली नाही. आम्ही तक्रारी करून मूळ तुकडा काढायला लावला. पुढे पाठवलेल्या प्रती कुठे कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही.

त्या बाई मला काय म्हणाल्या ते महत्त्वाचं आहे. 'आता कधीच शूटिंग नको' असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, गाणं दाखवा ना, पण अख्खं दाखवा. माझं नाव घाला. आणि पैशाचं आधी बोला. पहिलं दौलतजादा माझ्या ओच्यात पडायचं, आता ते कुणाच्या खिशात पडतं तेच दिसत नाही."

एवढ्या नेमकेपणाने हा प्रश्न मी कोणाकडून ऐकलेला नाही. आपण कार्यकर्त्या दोन टोकांना जातो. एकतर 'बिचाऱ्या बायकांचं शोषण होतं' म्हणून कॅमेराच बंद करायला सांगतो, नाहीतर 'लोककला जपली पाहिजे' म्हणून ती बाई सोडून कला तेवढी जपतो. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंत स्त्रियांवर लिहिलेल्या लेखात दाखवून दिलं होतं, की लावणी वरच्या थरातल्या समाजाने उचलली, वापरली, पण ती घडवणाऱ्या जातीतल्या बायकांच्या वाट्याला कलंकच राहिला. चित्रण करताना आपण तेच पुन्हा करणार आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

चित्रण नकोच, असं मी म्हणत नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २०१८ साली त्या गेल्या. त्यांच्या अदाकारीतलं जे चित्रित झालं तेवढंच आज नव्या मुलींना डोळ्यांनी बघता येतं. शाहीर विलास घोगरे यांचं गाणं आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये टिपलं होतं. १९९७ साली रमाबाई आंबेडकर नगरातल्या गोळीबारानंतर घोगरेंनी आयुष्य संपवलं. त्यांचा आवाज पुढे 'जय भीम कॉम्रेड'मध्ये आपल्यापर्यंत पोचला, कारण तो कोणीतरी आधी जपून ठेवला होता. तो चित्रपट चौदा वर्षं चित्रित होत होता, २०११ साली पुरा झाला. एका दुपारी येऊन गेलेला कॅमेरा आणि वर्षानुवर्षं नातं ठेवणारा कॅमेरा यांत फरक असतो.

चांगली उदाहरणं आपल्या घराजवळही आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव येतं. 'पारंपरिक' म्हणून बाईला पुसून टाकलेलं नाही. लावणीच्या बाबतीत सावित्री मेधातुल यांचा २००८ चा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट आहे, भूषण कोरगावकरांचं २०१४ चं 'संगीत बारी' हे पुस्तक आहे. त्याच कामातून पुढे रंगमंचावर कार्यक्रम झाला आणि शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंत स्वतःच्या नावानिशी शहरातल्या प्रेक्षकांपुढे गायल्या.

आता कायद्याकडे येते. आपल्या बायकांना तर सोडाच, आपल्यालाही हे माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क नीट मांडला गेला. कलावंत कोण? गायक, वादक, नर्तक तर आहेतच, शिवाय कसरती करणारे, जादूगार, गारुडी, इतकंच काय, व्याख्यान देणारी व्यक्तीसुद्धा. म्हणजे या घटकेला मीही! २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं, की आपल्या सादरीकरणाचं चित्रण करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क कलावंताचा आहे. केवळ स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या चित्रणाला सूट आहे, इतर ठिकाणी तिची परवानगी लागते. हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. कलावंत म्हणून तिचं नाव दिलं जावं आणि तिच्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड होऊ नये, हाही तिचा हक्क आहे. चाळीस सेकंदांचा तो तुकडा आठवा.

पण एक मेख आहे. चित्रपटात आपलं गाणं घ्यायला तिने एकदा लेखी संमती दिली, की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर पुढे तिला हरकत घेता येत नाही. धंद्यासाठी वापर झाला तर मानधनाचा वाटा मागता येतो, एवढं तिच्या हाती राहतं. म्हणून त्या कागदावर काय लिहिलं आहे यावर सगळं अवलंबून असतं. 'इथे सही करा' म्हणून पुढे केलेला इंग्रजी कागद हा तिच्या हक्काचा शेवट असू शकतो.

आणखी एक कलम मला महत्त्वाचं वाटतं. २०१३ साली दंडविधानात आलेलं आणि आता भारतीय न्याय संहितेत ७७ क्रमांकाचं कलम बाईच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करणं हा गुन्हा ठरवतं. कपडे बदलण्याची जागा त्यात येते. बारीच्या मागच्या खोलीत मोबाइल नेणाऱ्यांना हे ठणकावून सांगायला हवं. गाण्याच्या बैठकीला ते कलम लागू होत नाही. पण त्यात एक तत्त्व आहे: बाईने चित्र काढायला संमती दिली, तरी ते इतरांना दाखवायला दिली असं होत नाही. काढणं वेगळं, दाखवणं वेगळं. हे तत्त्व आपण गाण्याच्या कामातही पाळलं पाहिजे.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? पहिल्या भेटीला कॅमेरा न्यायचा नाही. बसायचं, ऐकायचं. 'शूटिंग करू का?' एवढंच विचारू नका. कोण बघणार, कुठे बघणार, किती वर्षं राहणार, हे मोबाइलवर प्रत्यक्ष दाखवून विचारा. करार मराठीत करा, मोठ्याने वाचून दाखवा, एक प्रत तिच्याकडे ठेवा. मानधन आधी ठरवा, आणि ते पेटीवाल्याला, ढोलकीवाल्यालाही द्या. पुढे पैसे आले तर तिचा वाटा किती ते लिहा. कोणतं नाव द्यायचं, गाव सांगायचं की नाही, हे ती ठरवेल. कापाकापी झाल्यावर ते आधी तिला दाखवा आणि तिने 'हे काढा' म्हटलं तर काढा. काही काळाने मन बदललं तर आपल्याकडून ते मागे घेण्याची सोय करारात ठेवा. मागे घेतलं तरी बाहेर गेलेल्या प्रती परत येत नाहीत, हेही तिला आधीच सांगा. लपवू नका. मुलांना चित्रात घेऊ नका.

कॅमेरा कुठे ठेवायचा हाही स्त्रियांचाच प्रश्न आहे. बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, गिऱ्हाइकाच्या नजरेने खालून वर फिरवू नका. मागे सूर धरणाऱ्या बायका आणि वाजवणारे चौकटीत राहू देत. लहान खोलीत ढोलकी आवाजाला गिळते, म्हणून गाणारीच्या जवळ वेगळा माइक ठेवा. शब्द ऐकू आले नाहीत तर उरतो तो फक्त देह. आणि अख्खी लावणी घ्या, कारण एका ओळीचे दहा अर्थ हेच तिचं कसब आहे.

शेवटची गोष्ट. कॅमेरा आपणच का धरायचा? अमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या बायकांनी १९८४ साली व्हिडिओ शिकून घेतला. त्यांच्यात भाजी विकणाऱ्या बाई होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी स्वतःच्या कामावर फिल्म केल्या. आपल्या कला केंद्रांत आज प्रत्येक मुलीच्या हातात फोन आहे. आईची लावणी कुठे कापायची आणि कुठे कापायची नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? आपल्या या वर्षाच्या कामातला निम्मा पैसा त्या मुलींना चित्रण, ध्वनी आणि करार शिकवण्यावर खर्च व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे. आजच्या चर्चेत त्यावर सगळ्यांनी बोलावं. आणि निर्णय घेण्याआधी कला केंद्रातल्या बायकांना पुढच्या बैठकीला बोलवावं, पाहुण्या म्हणून नव्हे, मत देणाऱ्या सदस्य म्हणून.