खाडीच्या पाण्यावर वल्हे

हिंदमाता चौकात पावसाळ्यात पाणी का तुंबते, असा प्रश्न निघाला म्हणजे नाल्यांची रुंदी व पंपांची शक्ती यांची चर्चा सुरू होते. ती रास्तच आहे. पण त्या प्रश्नाचे एक जुने उत्तर जमिनीच्या पातळीत दडलेले आहे. परळ हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. बेटांमधील सखल भागात भरतीचे पाणी खेळत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीच्या खिंडाराला बांध पडला, पुढे भराव झाले, वस्ती वाढली; बशीसारखा खोलगटपणा मात्र कायम राहिला. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. अलीकडे येथील पाणी साठविण्यासाठी मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या.

जेथे खाडी बुजविलेली नाही, तेथे हे काम कांदळवन करते. या परिसरातील अनेक गिरणी कामगार कुटुंबांचे मूळ गाव सिंधुदुर्गात आहे. त्याच जिल्ह्यातील वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. गटातील स्त्रिया स्वतः वल्हे मारतात आणि पाहुण्यांना झाडे, खेकडे, पक्षी दाखवितात. झाडे उभी राहिली तरच होडी चालणार, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. वनरक्षकाला काठावरून जे दिसत नाही ते त्यांना रोज जवळून दिसते.

कयाक ही याच जातीची, पण अधिक हलकी नाव. उत्तर ध्रुवाकडील शिकारी सांगाड्यावर कातडे ताणून ती बनवीत. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालते. पॅडलबोर्ड म्हणजे तर उभे राहून वल्हवण्याची रुंद फळी. दोन्ही साधने वीतभर पाण्यातही तरंगतात. त्यांना आवाज नाही, तेलाचा तवंग नाही. कांदळाची कमानीसारखी मुळे, तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळे, झाडावरच अंकुरलेल्या कांदळाच्या लांब शेंगा, हे सारे यंत्रहोडीच्या वेगात निसटून जाते. शिवाय यंत्रहोडीच्या लाटा काठचा चिखल ढासळवितात.

महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र राष्ट्रीय वन सर्वेक्षणात २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर नोंदले गेले, २०२१ मध्ये ३२४. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष यांचा यात मोठा वाटा आहे. मात्र सावरलेल्या वनात पर्यटन आणताना ग्रामपंचायतींनी घाई करू नये. धक्क्यासाठी श्वासमुळांवर काँक्रीट ओतले, तर ती गुदमरतात आणि झाड मरते. बाहेरचा ठेकेदार नावांची संख्या वाढवीत जाईल. गावातल्या गटाला ती आवरण्याचे कारण असते. वल्हे कोणाच्या हाती द्यायचे, हा निर्णय ठरावात पहिला असावा.

वेळेचेही भान हवे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, आणि ओहोटीत सापडलेली नाव चिखलात रुतून बसते. मच्छीमार हे गणित तिथीवरून मांडतात: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मे महिन्यात गावी जाणाऱ्या परळ-दादरच्या कुटुंबांनी होडी ठरविण्यापूर्वी त्या दिवशीची तिथी विचारावी. भांगाच्या दिवसांत चिंचोळ्या फाट्यांत पाणी फारसे चढत नाही.