आपणच आपला अर्ज फेटाळू नका
(विद्यार्थी व कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



बी.एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षातील एक मुलगी गेल्या सप्टेंबरात मला भेटली. गणितात तिला ७८ टक्के गुण. "सर, आय.आय.टी.त एम.एस्‌सी.ला माझा नंबर लागेल का?" असे तिने विचारले, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच "नाहीच लागायचा" असे म्हणून ती मोकळीही झाली. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. गणित माझा प्रांत नव्हे. परंतु अपुऱ्या माहितीवर माणसे निर्णय कसे घेतात, हा माझ्या विषयाचाच भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की, विद्यापीठाचे टक्के हे या प्रवेशाचे माप नव्हे. आय.आय.टी.तील एम.एस्‌सी.साठी २००४ पासून 'जॅम' ही परीक्षा होते व तिच्यातील गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर गुण वजा होतात. ठरावीक प्रश्नांची उत्तरे घोकून टक्के मिळवलेला विद्यार्थी येथे अडतो. कमी टक्क्यांचा, पण व्याख्या नीट समजलेला विद्यार्थी तरून जातो.

मग शक्यता मोजावी कशी? मागील वर्षांच्या तीन प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. चुकांचे दोन ढीग करावेत : जे शिकवलेच गेले नाही ते एकीकडे, शिकूनही उमगले नाही ते दुसरीकडे. पहिल्या ढिगाचा दोष आपल्या बुद्धीला लावून घेऊ नये. परीक्षा इंग्रजीतच असते. तेव्हा गणित अडले की भाषा अडली, हेही वेगळे काढावे.

दुसरी गोष्ट. पाच ठिकाणी अर्ज केले म्हणजे संधी पाचपट झाली, हा भ्रम आहे. जी उणीव एका परीक्षेत नडते, तीच उरलेल्या चारांत नडते. म्हणून अर्ज निरनिराळ्या धाटणीच्या परीक्षांना करावेत. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.मॅथ.च्या परीक्षेत सिद्धता लिहाव्या लागतात. ज्याचा वेग कमी पण विचार सखोल, त्याला ती जवळची वाटू शकेल. आणि आपल्या विद्यापीठाच्या गणित विभागाचा अर्ज भरण्यात कसला आला कमीपणा?

तिसरी गोष्ट आपणा कार्यकर्त्यांसाठी. शहरातल्या मुलाला हे सारे शेजारचा दादा सांगतो. खेड्यातल्या मुलीला सांगणारे कोणी नसते; तिला परीक्षेचे नाव कळते तेव्हा मुदत टळून गेलेली असते. 'जॅम'चे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत होते. महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्कात सवलत असते. एवढी माहिती महाविद्यालयाच्या फलकावर लावणे आणि जुन्या प्रश्नपत्रिका अभ्यासिकेत ठेवणे, यास मोठा निधी लागत नाही. विषमता केवळ जमिनीत आणि पगारात नसते. ती माहितीतही असते.

त्या मुलीने प्रश्नपत्रिका सोडवून आणल्या. चुकांपैकी निम्म्याहून अधिक ग्रुप थिअरीतल्या निघाल्या, आणि महाविद्यालयात तो भाग घाईघाईने उरकलेला होता. एका निवृत्त शिक्षकाने तिला तो शिकवायला घेतला. अर्जही मुदतीत गेला. तिचा नंबर लागेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तिला नाकारायचेच असेल, तर ते काम परीक्षकाने करावे. तिने स्वतः करू नये.