वेरुळचा डोंगर : धर्मस्थळांची पाठशाळा

 

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी जगातील धर्मस्थळांविषयी बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. हा विषय सागरासारखा आहे. परंतु त्याचे सार आपल्या महाराष्ट्रातच, वेरुळच्या डोंगरात कोरलेले आहे. तेथील ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढील १७ हिंदू आणि अखेरची ५ जैन आहेत. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला.

दहाव्या लेण्यात दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. दगड आला, तरी जुन्या काष्ठमंडपाची आठवण शिल्पींनी सोडली नाही. सोळावे कैलास लेणे शिखराकडून पायाकडे कोरत आणले. दूर इथिओपियात लालिबेला येथील ख्रिस्ती मंदिरेही अशीच अखंड खडकातून घडली. धर्म भिन्न, देश भिन्न; छिन्नीची साधना मात्र एकच!

बत्तिसाव्या ‘इंद्रसभा’ लेण्याच्या प्रांगणात सर्वतोभद्र मंदिर आहे. चारही दिशांना जिनप्रतिमा असल्याने कोणत्याही बाजूने येणाऱ्यास सन्मुख दर्शन घडते. समवसरणाचा हाच भाव आहे. शेजारचा मानस्तंभ सांगतो, अहंकार बाहेर ठेवून आत या.

आपल्या वांगणी, जव्हार, मोखाडा परिसरातील वारली बांधवांच्या घरी लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात आणि कुडाची साधी भिंत देवस्थान होते. पावित्र्य खर्चाने नव्हे, भावाने येते, याचे हे उदाहरण आपल्या दाराशीच आहे.

म्हणूनच एक नम्र विनंती. आज जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक गावी जुने कोरीव खांब काढले जातात, शिलालेखांवर रंग चढतो, फरशी बसते. कैलासच्या शिल्पींना ठाऊक होते की, एकदा निघालेला दगड पुन्हा जोडता येत नाही. आपणही हातोडा उचलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, लेख उतरवावेत, जाणकार स्थपतींचा सल्ला घ्यावा. जे टिकू शकते ते टिकवणे, हाही उद्धारच आहे. पुढील पिढीने शताब्दी साजरी करताना आपल्या पूर्वजांच्या हातचा एखादा तरी खांब तिला पाहता यावा.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.