रस्त्याचें नांव आणि रस्त्याचा खर्च



आपल्या दारावरून जाणारा रस्ता कोणाचा? खड्डा पडला कीं नगरपालिकेस बोल लावून आपण मोकळे होतों. परंतु तो राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग कीं नगरपालिकेचा रस्ता, हें सरकारी कागदावर जसें लिहिलें असेल, त्यावरून दुरुस्तीचा पैसा कोणाच्या तिजोरींतून यावयाचा तें ठरतें.

१५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्रीस मनाई केली. दुकान हलविण्यापेक्षां रस्त्याचें नांव पालटणें सोपें, हें चतुर लोकांच्या तेव्हांच ध्यानांत आलें! चंदीगडला शहरांतील राज्य महामार्ग 'प्रमुख जिल्हा मार्ग' झाले. ११ जुलै २०१७ रोजीं न्यायालयानें त्यास हरकत घेतली नाहीं. शिवाय नगरपालिकांच्या हद्दींतील परवानाधारकांस मूळ मनाई लागू नाहीं, असाही खुलासा केला. महाराष्ट्रांतही कांहीं शहरांतले राज्य मार्ग स्थानिक संस्थांच्या गळ्यांत घालण्याचा विषय त्या वर्षीं निघाला.

वादंग माजलें तें दारूवरून. घरपट्टी भरणाऱ्या गृहस्थाला मात्र निराळीच धास्ती वाटावयास हवी होती. मार्ग पदरीं आला म्हणजे डांबर, गटारें, दिवे, कडेस उभ्या राहणाऱ्या मोटारींचा तंटा, सारेंच पदरीं येतें. राज्याचा पैसा मागोमाग येईलच असें नाहीं. मग खड्डे बुजवावयाचे ते घरपट्टींतून, नाहीं तर बुजवावयाचेच नाहींत. आपल्या गांवीं असा ठराव सर्वसाधारण सभेपुढें आला, तर रस्त्याबरोबर रक्कम किती येते, एवढें आपल्या नगरसेवकास सभेपूर्वींच विचारावें.