मुलाखतीला जाण्याआधी

मुहैस्नाहमध्ये किंवा शेजारच्या कुसैसमध्ये तुमच्या घरी एखादा भाऊ, भाचा किंवा वहिनी व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आली असेल, तर आजचं बोलणं त्यांना नक्की ऐकवा. व्हिसाचे दिवस संपत आले की घाई होते, आणि घाईत तयारी राहून जाते.

पहिली गोष्ट. दुकानातली नोकरी असेल तर आदल्या दिवशी तिथे गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. काय खपतं, भाव काय, लोक कोणत्या भाषेत बोलतात, ते बघा.

दुसरी गोष्ट. आपल्याला स्वतःबद्दल बोलायचा संकोच. ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ असं आपण म्हणतो. समोरच्याला मात्र तुम्ही काय केलंत ते हवं असतं. टार्गेट किती होतं, तुम्ही किती पूर्ण केलंत, ते सांगा. आकडा खराच सांगा. फुगवलेला आकडा पुढच्याच प्रश्नाला उघडा पडतो.

तिसरी गोष्ट. ‘हे पेन मला विका’ म्हणाले, तर पेनाचं कौतुक सुरू करू नका. आधी विचारा, ‘आपण रोज काय लिहिता?’ गरज कळली की विकणं सोपं. चिडलेल्या ग्राहकाचा प्रश्नही येतोच. त्याचं पूर्ण ऐका, तक्रार नीट समजली हे सांगा, माफी मागा, काय करू शकता आणि किती वेळात, ते सांगा. हातात नसलेलं वचन देऊ नका. घरात सराव करा. चिडलेलं गिऱ्हाईक व्हायला मुलं आनंदाने तयार होतील!

शेवटची गोष्ट, पगाराची. मूळ पगार, भत्ते आणि कमिशन वेगवेगळं विचारा. ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मिळते, पहिली 5 वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांची. प्रोबेशन 6 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाचा असतो, तुमचा नाही. म्हणून नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथूनच उठा. ‘उद्यापासून ट्रायलला या’ म्हणाले, तरी व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. आधी ऑफर लेटर आणि वर्क परमिट, मग काम. हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगा.

नोकरी तुम्हाला हवी आहे, तसं त्यांनाही चांगलं माणूस हवं आहे. एवढं लक्षात ठेवा आणि ताठ मानेने आत जा. शुभेच्छा!