ग्रीनची पवनचक्की

सात-बाराच्या उताऱ्यावर धारकाचे नाव येते, पिकाची नोंद येते, कर्जाचा बोजाही येतो. परंतु त्या जमिनीला मोल कोणामुळे आले, हे सांगणारा रकाना त्यात नसतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटन येथील पवनचक्कीची हकीकत ऐकताना याची आठवण होते.

पाव भाजण्याचा धंदा करणाऱ्या जॉर्ज ग्रीन नावाच्या गृहस्थाने ती १८०७ साली बांधली. टेकडीवर विटांचा पाचमजली मनोरा, माथ्यावर वाऱ्याकडे तोंड फिरविणारी टोपी आणि पुढे पाती. वारा पडला की दळण थांबे. वादळ सुटले की अपरात्रीही पाती सावरावी लागत. हे कष्ट पुढे मुलाच्या वाट्याला आले. त्याचेही नाव जॉर्जच. त्याची शाळा जेमतेम वर्षभराची. तरीही तो गणितात रमे. १८२८ साली वीज व चुंबकत्व यांच्या गणितावर त्याने एक निबंध छापविला. त्याला वर्गणीदार मिळाले पन्नासएक, आणि त्यांतील बहुतेकांना तो उमगला नसावा.

पुढल्याच वर्षी वडील वारले व मालकी मुलाकडे आली. त्याने यथावकाश चक्की दुसऱ्यास चालवावयास दिली आणि १८३३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजच्या महाविद्यालयात नाव घातले! १८३७ च्या गणित-परीक्षेत तो चौथा आला. १८४१ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला, तेव्हा त्याची खरी योग्यता गावात कोणासही ठाऊक नव्हती. १८४५ साली तो निबंध विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती पडला. त्यांनी तो पुन्हा प्रसिद्ध करविला आणि ग्रीनचे नाव पदार्थविज्ञानात कायमचे रुजले.

इकडे वाफेच्या गिरण्यांपुढे पवनचक्क्यांचा निभाव लागेना. ही चक्कीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावली. ग्रीनची कन्या क्लारा १९१९ साली वारली. त्यानंतर ऑलिव्हर हाइंड या वकिलाने ती विकत घेऊन माथ्यावर तांब्याचे छत घातले. पुढे तेथे पॉलिश तयार होऊ लागले आणि १९४७ च्या आगीत आतले सारे जळाले. उरल्या त्या भिंती. अखेर १९७९ साली नगरपालिकेने ती वास्तू ताब्यात घेतली, ग्रीनच्या चाहत्यांनी निधी जमविला, आणि १९८६ साली पाती फिरून पुन्हा पीठ पडू लागले.

नॉटिंगहॅमकरांना त्या पिठाची गरज नव्हती. त्यांचे दळण केव्हाच दुसरीकडे गेले होते. ज्यांनी ती धंद्यासाठी राखली, त्यांच्या हातून ती मोडकळीस आली. आणि जो मालक धंदा सोडून चाळिशीत विद्यार्थी झाला, त्याच्या नावाखातर ती पुन्हा उभी राहिली. घराण्याची मिळकत अनेक हातांतून जाते. तिला चिरस्थायी करणारा वारस पुष्कळदा व्यवहारात कच्चाच ठरलेला असतो. आपल्या घरात असे कोणी पुस्तकात डोके घालून बसलेले असेल, तर त्याला लवकर कामास लावण्यापूर्वी या चक्कीवाल्याचे स्मरण करावे, इतकेच सांगावेसे वाटते.